कोकणातलं अंजीर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं, दिवे घाट चढून गेल्यावरचं. सासर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून दोन-अडीच किलोमीटर आत. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी माहेरून अंजिराच्या चार काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या आणि परसात लावल्या. त्यातल्या दोन पहिल्याच पावसात कुजल्या, दोन वाचल्या. आज परसात सहा झाडं आहेत आणि ती सगळी त्या दोन काड्यांची लेकरं. आंबा-काजू करणारे शेजारी, पुण्या-मुंबईहून गावाकडे परतलेली मंडळी, वाडीतल्या बायका असे सगळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

कोकणात अंजीर येतं का?

येतं. झाड वाढतं, फळतं आणि फळ गोडही होतं. पण ज्या हवेत ते मुळात रमतं ती हवा आपली नाही. पुरंदर हा कमी पावसाचा तालुका. तिथली माती चुनखडीची, हवा कोरडी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. अंजिराचं पाऊस सोडून कशाशीच वाकडं नाही. ऊन त्याला चालतं, पाण्याची ओढ थोडीफार सोसतं, हलकी जमीनही चालते. म्हणून पाऊस थांबला की झाडाला जागं करायचं आणि मृग लागायच्या आत शेवटचं फळ घरात आणायचं. खाली जे काही लिहिलं आहे, ते सगळं या एका वेळापत्रकासाठी आहे.

मग हापूससारखी बाग लावावी का?

माझं स्पष्ट मत : लावू नये. दोन ते दहा झाडं परसात लावावीत, घरात खावीत, शेजारी वाटावीत, उरतील त्यांचं काही टिकाऊ करावं. एकराची लागवड केली तर तांबेरा हा पानांवरचा बुरशीचा रोग आवरता आवरता हंगाम संपतो, आणि पिकलेलं फळ दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नसल्यामुळे घाट चढून बाजारात न्यायची घाई मानगुटीवर बसते. ज्यांच्याकडे पाहुण्यांची घरगुती निवासव्यवस्था आहे, त्यांना मात्र सकाळच्या नाश्त्याला झाडावरून काढलेलं अंजीर ठेवता येणं ही मोठी गोष्ट आहे. अशांनी आठ-दहा झाडं जरूर लावावीत.

जात कोणती लावावी?

पूना अंजीर. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त हीच जात आहे. फळ मध्यम, पिकल्यावर तांबूस-जांभळं, आतला गर गुलाबी. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र पुरंदर तालुक्यातच जाधववाडीला आहे आणि ‘फुले राजेवाडी’ ही निवड त्याच विद्यापीठाची. दौलताबादकडून आलेली ‘दिनकर’ ही जातही आहे. वाळवण्यासाठी ‘डायना’चं नाव सांगतात, कारण त्या फळात साखर जास्त. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तेव्हा आपल्या परसातलं फळ त्याच जातीचं असलं तरी ‘पुरंदरचं अंजीर’ म्हणून विकता येणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

एका रोपवाटिकेतून मी एकदा ‘परदेशी मोठं अंजीर’ म्हणून रोप आणलं होतं. पाच वर्षं सांभाळलं. दर वर्षी फळं सुपारीएवढी होऊन गळायची. अंजिराच्या काही जातींना विशिष्ट माशीकडून परागीभवन झाल्याशिवाय फळ धरताच येत नाही आणि ती माशी आपल्याकडे नाही. माझं झाड त्यातलंच होतं की काय, हे कळायचा मार्ग नव्हता. शेवटी काढून टाकलं. त्यामुळे रोप घेताना त्याच्या आईझाडाचं फळ डोळ्यांनी बघून घ्यावं.

रोप घरी कसं करायचं?

अंजिरासारखं उदार झाड नाही. छाटणीत निघालेली आठ-दहा महिन्यांची, अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब काडी घ्या. तीन-चार डोळे हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा काप तिरका. चीक वाहून वाळेपर्यंत दिवसभर सावलीत ठेवा आणि मग वाळू-माती-शेणखताच्या पिशवीत दोन डोळे मातीत जातील अशी खोचा. ओल हवी, चिखल नको. महिना-दीड महिन्यात फुटवा येतो. फुटवा आला म्हणजे मुळं आली असं मात्र समजू नका. काडी आपल्या अंगातल्या साठ्यावर आधी पानं काढते, म्हणून ओढून बघायचा मोह आवरा.

पावसाळ्यात गुटी कलमही छान होतं. पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर रुंद गोल साल काढायची, ओलं शेवाळ बांधायचं, वर प्लॅस्टिक. मुळं दिसली की खालून कापायचं. कोकणातल्या दमट हवेचा अंजिराला झालेला हा एवढा एकच फायदा.

जागा कशी निवडावी?

माझ्या दोन काड्या का कुजल्या ते सांगते. मी त्या माडाच्या आळ्याजवळ लावल्या होत्या, शिंपण्याचं पाणी आयतं मिळेल म्हणून. आषाढात तिथे घोट्याएवढं पाणी साचलं आणि आठवड्यात मुळं काळी पडली. अंजिराची मुळं उथळ आणि पसरट असतात. त्यांना उभं पाणी चालत नाही. म्हणून पोफळीचं आगर ही अंजिराची जागा नव्हे. तिथे सावलीही फार आणि ओलही फार.

दिवसभर ऊन मिळेल, पाणी आपसूक उतरून जाईल अशी उताराची जागा निवडा. कातळावर सुरुंगाने किंवा पहारीने खड्डा काढून त्यात माती भरायची आपल्याकडची रीत आंब्याला जमून जाते. अंजिराचा मात्र तसा खड्डा पावसात हौद होतो. मी आता खड्ड्याऐवजी ढीगच करते : जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, चार-पाच फूट रुंद, भोवती जांभ्याच्या चिऱ्यांची कड. त्यात माती, कुजलेलं शेणखत, वाळू आणि अर्धा किलो चुना. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि अंजिराला चुन्याची माती मानवते, म्हणून हा चुना. चुलीची राखही अधूनमधून घालते. दोन झाडांत पंधरा-सोळा फूट अंतर ठेवा, आणि विहिरीच्या कठड्याला किंवा घराच्या जोत्याला लगटून झाड लावू नका.

खाऱ्या वाऱ्याने झाड जळतं का?

पानांच्या कडा करपतात, झाड मरत नाही. खारटपणा सोसण्यात अंजीर बऱ्यापैकी काटक आहे. समुद्राच्या बाजूने एखादा आडोसा असला की पुरे.

कुंडीत, ड्रममध्ये चालेल?

उत्तम चालतं, आणि कोकणात तर मी ते आवर्जून सुचवते. पन्नास लिटरचा ड्रम, तळाला भरपूर भोकं, दोन विटांवर ठेवलेला. पावसाळ्यात पडवीच्या वळचणीला सरकवता आला तर निम्मी डोकेदुखी वाचते. उन्हाळ्यात मात्र रोज पाणी.

छाटणी कधी? खट्टा बहार आणि मीठा बहार म्हणजे काय?

अंजिराचं फळ नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत धरतं. फूट नवी नाही तर फळ नाही. घाटावर दोन बहार धरतात. पावसाळ्याच्या आगेमागे पोसतो तो खट्टा, कारण त्यातली फळं पाणचट आणि आंबटसर. उन्हाळ्यात येतो तो मीठा. आपण खट्ट्याच्या वाटेला जायचंच नाही. जून-जुलैत झाडावर फळं दिसली की मी ती लहान असतानाच खुडून टाकते. शेजारणी हळहळतात, पण ती फळं पिकण्याआधी बुरशीने जातात आणि झाडाचा जीव फुकट खर्च होतो.

आमच्याकडचा क्रम असा : हस्ताचा पाऊस सरला, हवेत कोरडेपणा आला की ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी. गेल्या वर्षीच्या फांदीचा खालचा तिसरा हिस्सा ठेवायचा, वरचं काढायचं. आत वाढलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढायच्या. झाड डोक्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण फळ हाताने काढायचं आहे आणि माकडांपासून जाळीने झाकायचंही आहे. छाटल्यावर प्रत्येक झाडाला दोन-तीन पाट्या शेणखत, किलोभर निंबोळी पेंड, आणि त्यानंतर नियमित पाणी. दोन-तीन आठवड्यांत फूट येते, डिसेंबरात वाटाण्याएवढी फळं दिसतात, आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत रोज थोडी थोडी पिकत राहतात. शिमग्याला पहिलं फळ आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला शेवटचं, असा आमचा अंदाज सहसा चुकत नाही.

काही फांद्या नुसत्या काठीसारख्या उभ्या वाढतात, बाजूला फुटतच नाहीत. त्यांवर माहेरी खाचा पाडतात. निजलेल्या डोळ्याच्या जरा वर, बोटाच्या पेराएवढी तिरकी खाच, साल कापून लाकडाला किंचित लागेल इतकीच खोल. शेंड्याकडून येणारा ‘फुटू नको’ हा निरोप तिथे अडतो आणि डोळा जागा होतो. माझे वडील हे काम धारदार चाकूने, दुसऱ्या कोणाला हात लावू न देता करत.

पानांवर तांबूस पुळ्या येतात आणि झाड उघडं पडतं. काय करू?

हा तांबेरा. बुरशीचा रोग आहे आणि कोकणात अंजिराचा पहिला शत्रू हाच. पान उलटं करून बघा. खालच्या बाजूला गंजाच्या रंगाची पूड बोटाला लागेल. जुलैपासून सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत झाडावर पान राहत नाही. एक-दोन वर्षं झाड हे सोसतं, पण दर वर्षी असं उघडं पडलं तर पुढच्या बहाराला ताकद उरत नाही.

औषध तुमच्या घरात आहे. पोफळीच्या कोळेरोगावर आपण जे बोर्डो मिश्रण फवारतो, तेच. एक टक्क्याचं : मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. चार-सहा झाडांसाठी १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १० लिटर पुरतं. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत निम्म्या-निम्म्या पाण्यात विरघळवा आणि मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता. लोखंडी भांडं नको. तयार मिश्रणात कोयत्याचं घासलेलं पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. नाहीतर पानं करपतील. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी श्रावणात उघडीप मिळेल तेव्हा, तिसरी छाटणीनंतर. पानाच्या खालच्या बाजूला पोचलं नाही तर केलेलं न केल्यासारखं. फळं मोठी झाल्यावर कसलाच फवारा मारायचा नाही.

गळलेली पानं झाडाखाली राहू देऊ नका. आपल्याला पातेरा आळ्यात पसरायची सवय आहे, ती इथे महागात पडते. गोळा करा आणि जाळा.

बुंध्यातून भुसा पडतो आहे.

भिरूड. आंब्याचं खोड पोखरणारी जी अळी आहे, तीच फणसावर आणि अंजिरावरही येते. भोकात सायकलच्या ताराने आकडा घालून अळी बाहेर ओढा, मग रॉकेल किंवा पेट्रोलचा बोळा आत सारून चिखलाने तोंड बंद करा. पावसाळ्याआधी दर आठवड्याला बुंधा बघत जा. अंजिराचं लाकूड मऊ असतं. आंबा जितका काळ तग धरतो तितका हे झाड धरत नाही.

फळं पिकता पिकता फुटतात, आत आंबूस वास येतो.

बहुतेक वेळा पाणी हेच कारण. चार दिवस विसरायचं आणि पाचव्या दिवशी पाट सोडायचा, असं केलं की फळ आतून एकदम फुगतं आणि साल फाटते. थोडं थोडं, पण नेमानं पाणी द्या. बुंध्याभोवती सुक्या गवताचं किंवा नारळाच्या सोडणांचं आच्छादन घाला. फळं रंगायला लागल्यावर पाणी कमी करा, गोडी वाढते. फुटलेल्या फळावर मुंग्या आणि फळमाशी येणारच, ते त्याच सकाळी काढून टाका.

माकडं काही ठेवत नाहीत.

हे दुःख मला नवं नाही. आंब्याला लावतो त्या कागदी पिशव्या पक्ष्यांपासून आणि वटवाघळांपासून फळ वाचवतात, माकडांपासून नाही. झाड बुटकं ठेवून सगळं झाड जाळीखाली घेणं, आणि पिकलेलं फळ सकाळी उजाडताच काढणं, एवढंच मला उपयोगी पडलं आहे.

कच्चं काढून आंब्यासारखी अढी घातली तर?

नाही पिकणार. कोकणातल्या माणसाला हे पटवून द्यायला मला फार वेळ लागतो. आंबा झाडावरून तयार झालेला काढतो आणि तो पेंढ्यात पिकतो. अंजीर तसं नाही. झाडावरून काढलं त्या क्षणी जी गोडी असेल, तीच शेवटची. पुढे ते मऊ होईल, सुकेल, गोड होणार नाही.

पिकलेलं अंजीर मान टाकतं. ताठ उभं असेल तर अजून वेळ आहे. देठाशी वाकलेलं, हाताला कानाच्या पाळीसारखं मऊ, सालीवर बारीक रेघा आणि फळाच्या डोळ्याशी, म्हणजे देठाच्या विरुद्ध टोकाच्या बारीक भोकाशी, कधी मधाचा एखादा थेंब. देठ तुटल्यावर पांढरा चीक भळाभळा आला तर घाई झाली. देठासकट, पहाटेच्या गारव्यात काढा, एका थरात मांडा. पाटीत तळाला अंजिराचीच पानं घालायची माहेरची पद्धत मी इथेही ठेवली आहे.

काम करताना हाताला खाज येते, एकदा तर भाजल्यासारखे चट्टे उठले.

याकडे गंभीरपणे बघा. अंजिराच्या चिकात प्रथिनं पचवणारा घटक असतो, त्याने त्वचा चुणचुणते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पानांच्या आणि फांद्यांच्या चिकात असेही घटक असतात की तो चीक लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की खरोखर भाजतं. फोड येतात आणि काळे डाग कित्येक आठवडे राहतात. ऑक्टोबरच्या उन्हात उघड्या हातांनी छाटणी करणं म्हणजे हे ओढवून घेणंच. पूर्ण बाह्या, हातमोजे, आणि काम संध्याकाळी. चीक लागलाच तर लगेच साबणाने धुवा. मुलांना पानं तोडून खेळू देऊ नका.

अंजिरात मेलेली माशी असते म्हणतात. उपासाला, शाकाहाराला चालतं का?

आधी फळ समजून घेऊ. अंजीर, उंबर, वड, पिंपळ हे सगळे भाऊबंद, आणि फणस त्याच कुळातला. अंजीर म्हणजे बाहेरून बंद केलेला फुलोरा. शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला तोंड करून बसलेली असतात, म्हणून बाहेरून फूल दिसतच नाही. दुर्मीळ माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो, त्यामागे हेच आहे. फूल असतं, फक्त आत असतं.

उंबराच्या डोळ्यातून त्याची बारीक माशी आत शिरते, परागीभवन करते, तिथेच अंडी घालते; म्हणून पिकलं उंबर फोडलं की चिलटं उडतात. अंजिराच्या काही परदेशी जातींनाही अशी माशी लागते. तुर्कस्तानातली वाळवणीची नावाजलेली अंजिरं त्यातली. तिथेही आत अडकलेली माशी फळाच्या चिकात विरून जाते. दाताखाली कचकचतात त्या बिया. आपल्या पूना अंजिराला मात्र परागीभवन लागतच नाही. ते माशीशिवाय धरतं आणि पिकतं. माझ्या सासूबाई एकादशीला आमचं अंजीर निःशंक मनाने खातात. जैन घरांत वड, पिंपळ, उंबर यांच्या जोडीने अंजीरही वर्ज्य मानतात. तो त्यांच्या आचाराचा भाग आहे आणि पाहुणे जैन असतील तर ताटात अंजीर वाढण्याआधी विचारून घ्यावं.

उंबरावर अंजिराचं कलम होतं का?

होतं. उंबराच्या मुळाला सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींचा, त्रास कमी, म्हणून असं कलम करण्याचे प्रयोग झाले आहेत. पण दारातल्या औदुंबरावर, जिथे दत्ताचा पार आहे, तिथे कोयता लावायला आमच्या वाडीत कोणी तयार होणार नाही आणि मीही सांगणार नाही. उंबराचं रोप पिशवीत वाढवून त्यावर प्रयोग करा.

कोकणात अंजीर वाळवता येतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त निराशाही याच्यातच होते. पहिल्या वर्षी मी कुरडया-पापडांसारखी अंजिरं खळ्यात सुपात मांडली. दिवसभर छान सुकली. रात्री तशीच राहिली, दहिवर पडलं, आणि तिसऱ्या दिवशी आतून काळी बुरशी. पाच किलो फळ गेलं.

अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान इथे हवा इतकी कोरडी की फळ झाडावरच सुरकुततं. आपल्याकडे दिवसा जेवढं पाणी उडतं, त्यातलं काही रात्री हवेतून परत येतं. शिवाय पूना अंजिरात साखर कमी, पाणी जास्त. ताज्या अंजिरात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. चार ते पाच किलोंचं किलोभर वाळलेलं होतं, हा हिशोब आधीच मनाशी ठेवा.

मला जमलेली पद्धत अशी. फळ अगदी पूर्ण पिकलेलं घ्यायचं. धुऊन, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढायचं आणि उभे दोन भाग करायचे. अख्खं ठेवायचा हट्ट कोकणात सोडावा. समान साखर-पाण्याचा गरम पाक, त्यात लिंबाचा रस, आणि फळं रात्रभर त्यात. दुसऱ्या दिवशी फळं काढून पाकात आणखी साखर घालून उकळायचा, फळं परत आत. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. अमृत कोकमात साखर जशी सालीतलं पाणी ओढून घेते, तसंच हे. मग पाक निथळून, गरम पाण्यातून झटकन काढून, कापलेली बाजू वर करून जाळीवर मांडायची.

जाळी उघड्यावर नको. पत्र्याची आतून काळी रंगवलेली पेटी, वर काच, खालच्या बाजूला हवा आत येण्याची आणि वरच्या बाजूला बाहेर जाण्याची भोकं, त्यांना बारीक जाळी. वरची भोकं नसतील तर आत वाफ कोंडून फळ शिजतं. पेटीत ५५ ते ६० अंश तापमान मिळालं की तीन-चार दिवसांत काम होतं. सूर्य कलला की ताटं घरात, डब्यात, झाकण घट्ट. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका. मे महिन्याच्या उकाड्यात हवेलाच घाम फुटलेला असतो.

दाबल्यावर रस येऊ नये, पण फळ वाकावं, तुटू नये. मग बरणीत सैल भरून आठवडाभर रोज हलवा. काचेवर आतून दव दिसलं तर परत पेटीत. गंधकाची धुरी दिल्याने रंग उजळ राहतो हे खरं, पण दम्याच्या माणसाला ती बाधते, म्हणून मी घरी देत नाही. आमचं अंजीर तपकिरी असतं आणि मला ते तसंच आवडतं.

बाजारातल्या चपट्या, दोरीत ओवलेल्या अंजिरांसारखं होईल का?

नाही. ती बहुतेक अफगाणिस्तानातून येतात; जात वेगळी, हवा वेगळी.

वाळवणाऐवजी दुसरं काही?

अंजीरपोळी! माझं मन विचाराल तर कोकणात हेच करावं. आंबापोळी आणि फणसपोळी घालणाऱ्या हातांना काही शिकवावं लागत नाही. पिकलेला गर सालीसकट वाटून, जरा आटवून, किलोला दीडशे ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस. खोबरेल तेलाचा हात फिरवलेल्या ताटात पातळ थर, तो सुकला की त्यावर दुसरा. तिसरा थर सुकला की सोडवून गुंडाळायची. बियांची कुरकुर आणि खोबरेलाचा मंद वास एकत्र येतो तेव्हा माझं सासर आणि माहेर एका ताटात असतं.

जॅम करताना मात्र लिंबात कंजुषी करू नका. अंजिरात आंबटपणा फारच कमी, आणि आंबटपणा नसेल तर बरणीतला पदार्थ सुरक्षित राहत नाही. किलो गराला ७०० ग्रॅम साखर आणि तीन लिंबं. थंड बशीत थेंब टाकून बोट फिरवा. वाट तशीच राहिली की झालं.

ताजं अंजीर दुधात घातलं की दूध कडवट होतं, फाटतं. का?

त्याच चिकामुळे. तो दुधातली प्रथिनं मोडतो; पूर्वी काही देशांत अंजिराच्या चिकाने चीज धरत. अंजीर आधी पाच मिनिटं शिजवून घ्या, मग बासुंदीत घाला किंवा नारळाच्या दुधातली खीर करा. वाळलेल्या अंजिराने सहसा हा त्रास होत नाही.

मधुमेह असलेल्यांनी खावं का?

शंभर ग्रॅम ताज्या अंजिरात साधारण १६ ग्रॅम साखर आणि ३ ग्रॅम तंतू. तेवढ्याच वाळलेल्यात ४८ ग्रॅमच्या आसपास साखर आणि जवळपास १० ग्रॅम तंतू. म्हणजे एखादं ताजं आणि मूठभर सुकं यांत फार फरक आहे. रात्रभर भिजवल्याने साखर नाहीशी होत नाही, पाण्यात उतरते, आणि ते पाणी आपण पितोच. किती खायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. बद्धकोष्ठासाठी दोन भिजवलेली अंजिरं हा घरोघरचा उपाय, तो तंतूंमुळे.

पावसाळ्यात डब्यात बुरशी येते.

मोठा डबा पुन्हा पुन्हा उघडू नका. आठवड्याला लागतील एवढ्या लहान काचेच्या बरण्या भरा. भरण्याआधी दोन दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तर किडीची अंडी मरतात. खाण्याआधी फळ उघडून बघा. आत काळी किंवा हिरवट पूड दिसली तर धुऊन-पुसून वापरू नका, टाकून द्या. अंजिरावरची बुरशी यकृताला घातक विष तयार करू शकते.

पोळी, जॅम विकायचा असेल तर?

घरगुती पातळीवरही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती आधी करा. वेष्टनावर घटक, केल्याची तारीख आणि साखर घातली आहे हे स्पष्ट लिहा.

काड्या मिळतील का?

ऑक्टोबरात छाटणी झाल्यावर वाडीत येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन काड्या देते, पैसे घेत नाही. येताना ओलं गोणपाट आणा, आणि माडाच्या आळ्याजवळ लावणार नाही एवढं कबूल करा.